छोट्या पेट्रोल इंजिनाचं हेड पोर्टिंग: हवेची वाट घरच्या घरी कशी मोकळी करायची

पहिल्यांदा एका छोट्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्हवालं झाकण, हातात आलं तेव्हा मी बहुतेक जण करतात तेच केलं. इनलेट पोर्ट, म्हणजे त्यातली हवा आत जायची वाट, चारही बाजूंनी कोरून मोठं केलं, आरशासारखं चकचकीत केलं आणि वाटलं, आता इंजिन भरपूर हवा ओढेल. इंजिन सुरू झालं, मोकळं असताना छान फिरलं, पण लोड पडला की खालच्या आरपीएमला गुदमरायला लागलं. पूर्वीपेक्षा वाईट. ते हेड शेवटी भंगारात गेलं, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली. इंजिनाला नुसती मोठी वाट नको असते, हवा वेगात आणि न अडखळता आत जाईल अशी वाट हवी असते. पोर्टिंग म्हणजे हीच वाट नीट करणं. ती कशी तयार करायची, ते क्रमाने सांगतो.

उदाहरण घेतो होंडा जीएक्स १६० आणि त्याच धाटणीच्या इंजिनांचं. पाण्याचा पंप, पॉवर वीडर, छोटा जनरेटर, हौशी गो-कार्ट, सगळीकडे हे इंजिन भेटतं. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ४५ मिमी, म्हणजे १६३ सीसी. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं, पुशरॉडवाले दोन व्हॉल्व्ह. उघडायला सोपं, पार्ट सहज मिळतात आणि हेड एवढंसं की टेबलावर एका संध्याकाळी काम होतं. रस्त्यावरच्या मोटारसायकलवर मात्र हे प्रयोग करू नका. नोंदणी झालेल्या वाहनात मूळ रचनेपासून फरक करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. कॉलेजच्या स्पर्धेसाठी करणार असाल तर आधी नियमावली वाचा. बाहा एसएई इंडियासारख्या स्पर्धेत इंजिनाला हात लावायला मनाई असते.

आधी गरज आहे का ते बघा

या इंजिनाला गव्हर्नर असतो. मोकळ्या वेगाची कमाल मर्यादा ३८००-३९०० च्या आसपास आणि कामाचा वेग ३६०० आरपीएम धरून तो थ्रॉटल स्वतःच उघडतो-मिटतो. तुमचा पंप पूर्ण लोडवर असताना थ्रॉटलचा आर्म जर अर्ध्यावरच उभा असेल, तर हवा कमी पडतच नाहीये. पोर्टिंग करून काहीही मिळणार नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा आहे आणि तरी आरपीएम ३६०० वरून खाली घसरतोय, असं दिसलं तरच पुढे वाचायचं. इंजिन चालू असताना कार्ब्युरेटरवरचा तो आर्म दोन मिनिटं बघा, एवढी सोपी तपासणी आहे.

तरीही हेड उघडायची घाई नको. फिल्टर चोंदलेला असतो, टॅपेट ढिले किंवा घट्ट असतात, सायलेन्सर कार्बनने भरलेला असतो. निम्म्या वेळा "इंजिनात दम नाही" ही तक्रार इथेच मिटते. टॅपेटचं अंतर (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली फट) इंजिन थंड असताना इनलेटला ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी. कॉम्प्रेशन गेज लावून बघणार असाल तर सांगून ठेवतो, या इंजिनाच्या कॅमवर डिकॉम्प्रेसर असतो. दोरी ओढताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, त्यामुळे आकडा कमीच दिसतो. तो आकडा बघून पिस्टन-रिंगा बदलणारे लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना सर्वांत वरच्या जागी, धरून प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कुठून फुसफुसते ते ऐका. कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह गळतोय, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या भोकातून आली तर रिंगा. हवा भरताना क्रँक घट्ट धरून ठेवा, नाहीतर पिस्टन झटक्याने खाली जातो.

हवेचा हिशोब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण कोरणी हातात घेण्याआधी तो समजलाच पाहिजे.

३६०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ५.४ मीटर असतो. पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३६३० चौरस मिमी. समजा तुमच्या इनलेट पोर्टचा व्यास २२ मिमी आहे, म्हणजे क्षेत्रफळ ३८० चौरस मिमी. पिस्टन पोर्टच्या साडेनऊ पट मोठा, म्हणून पोर्टमधली हवा सरासरी ५२ मीटर वेगाने धावते. आता पोर्ट फक्त २ मिमीने वाढवून २४ केलंत, तर वेग ४३ मीटरवर येतो. हा वेग म्हणजे हवेचा जोर. पिस्टन खाली पोचून वर फिरायला लागतो तेव्हाही इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. त्या क्षणी धावत आलेली हवा स्वतःच्या जोराने आत घुसत राहते. वेग कमी झाला तर तीच हवा उलटी कार्ब्युरेटरकडे ढकलली जाते, आणि मंद हवेत पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून बसतात. माझ्या पहिल्या हेडचं नेमकं हेच झालं होतं.

दुसरा हिशोब व्हॉल्व्हचा. इनलेट व्हॉल्व्ह २५ मिमीचा. तो उचलला की त्याच्या कडेभोवती जी फट पडते तिचं क्षेत्रफळ म्हणजे व्हॉल्व्हचा परीघ गुणिले लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला ते अंतर). ३ मिमी लिफ्टला ते २३६ चौरस मिमी, ४.८ मिमीला साधारण ३८०. म्हणजे व्हॉल्व्ह ४.८ मिमी उघडेपर्यंत २२ मिमीच्या पोर्टपेक्षा ही फटच लहान असते. या इंजिनात व्हॉल्व्ह सगळा मिळून सहा मिमीच्या आसपास उचलला जातो, त्यामुळे इनलेटच्या बहुतेक वेळात हवा अडते ती सीटपाशी, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना ज्या रिंगेवर बसतो तिथे. पोर्टची लांब नळी कोरत बसण्यात काही हशील नाही. सीटच्या वरचे-खालचे पाच-सहा मिलिमीटर हीच खरी कामाची जागा.

तिसरी गोष्ट, कार्ब्युरेटर उघडून त्याच्या घशाचा, म्हणजे व्हेंचुरीच्या सर्वांत अरुंद जागेचा, व्यास व्हर्निअरने मोजा. तो पोर्टपेक्षा बराच लहान भरेल. ती अरुंद जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण तिथल्या वेगामुळेच जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) पेट्रोल ओढलं जातं. त्याला ड्रिल लावू नका.

अडथळा शोधणारं घरगुती यंत्र

नुसत्या नजरेवर विश्वास ठेवून पोर्टिंग करू नये असं माझं ठाम मत आहे. कोरलेला पोर्ट नेहमीच सुंदर दिसतो, पण हवेला तो आवडला का ते मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायचं यंत्र घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरवर बनतं.

रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या घ्या, झाकणासकट. झाकण दबू नये म्हणून वर १२ मिमी प्लायचा गोल तुकडा स्क्रूने बसवा. पहिल्या बादलीच्या झाकणावर आतून ६८ मिमीच्या जवळपास व्यास असलेला पाइपाचा आठ-दहा सेंटिमीटर तुकडा उभा करा. हा तुमचा खोटा सिलिंडर. त्यावर हेड बसेल, मध्ये जुनं पॅकिंग किंवा सायकल ट्यूबच्या रबराचा वायसर. पहिली आणि दुसरी बादली जाड पाइपाने जोडा आणि त्या पाइपात २ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चकती बसवा, मधोमध २२ मिमीचं धारदार कडेचं भोक पाडून. दुसऱ्या बादलीला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडा आणि त्याच बादलीला एक बॉल व्हॉल्व्ह लावा, जो उघडला की बाहेरची हवा आत येईल. ओढ कमी-जास्त करायला हाच उपयोगी पडतो. तो पहिल्या बादलीला लावायची चूक करू नका, नाहीतर ती हवाही मोजली जाईल.

आता गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा. फळीवर यू आकारात दोन नळ्या ठोका, प्रत्येक पाय किमान ६० सेंटिमीटर, शेजारी मोजपट्टी, आत शाई टाकलेलं पाणी. पहिल्या यू-नळीचं एक टोक पहिल्या बादलीत, दुसरं मोकळ्या हवेत. दुसऱ्या नळीचं एक टोक पहिल्या बादलीत, दुसरं दुसऱ्या बादलीत. पहिली नळी हेडवर किती ओढ आहे ते दाखवते, दुसरी त्या २२ मिमीच्या भोकातून किती हवा जाते ते.

हेड उतरवल्यावर (कसं ते पुढे सांगतो) त्यातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा काढून हलक्या स्प्रिंगा घाला. व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाब द्यायला पट्टीत एम-६ चा बोल्ट बसवा. त्याचा आटा बरोबर १ मिमीचा असतो, म्हणून एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी लिफ्ट. डायल गेज नसला तरी चालतं.

चाचणी अशी करायची. आधी दोन्ही व्हॉल्व्ह मिटून, प्लग लावून क्लीनर चालू करा. दुसऱ्या यू-नळीतलं पाणी हललं तर कुठेतरी गळती आहे, ती आधी बुजवा. मग इनलेट १ मिमी उघडा, बॉल व्हॉल्व्हने पहिल्या नळीतला फरक बरोबर २५० मिमीवर आणा आणि दुसऱ्या नळीतला आकडा वहीत लिहा. असंच २, ३, ४, ५, ६ मिमीला. हवेचं प्रमाण त्या आकड्याच्या वर्गमुळानुसार बदलतं, हे विसरू नका. म्हणजे दुसऱ्या नळीत २०० मिमीचे २२० मिमी झाले, तर हवा १० टक्के वाढलेली नसते, सुमारे ५ टक्के वाढलेली असते.

मोकळं हेड मोजताना पोर्टच्या तोंडाशी मळलेली कणीक गोल कर्ण्यासारखी लावा, कारण धारदार कडेवरून आत शिरताना हवा फाटते आणि आकडे चुकीचे येतात. मग कणीक काढून इन्सुलेटर (हेड आणि कार्ब्युरेटरच्या मधला तुकडा) आणि कार्ब्युरेटर जोडून, थ्रॉटल आणि चोक पूर्ण उघडे ठेवून पुन्हा मोजा. मग एअर फिल्टरच्या डब्यासकट. या तीन मोजण्यांतून चोर सापडतो. फिल्टर लावल्यावर आकडा धाडकन पडला तर हेडला हात लावायचं कारणच नाही. कार्ब्युरेटर जोडल्यावर ५ आणि ६ मिमीचे आकडे सारखेच आले तर वरच्या लिफ्टला व्हेंचुरी अडवते आहे, आणि पोर्ट कितीही कोरलं तरी तिथे फरक पडणार नाही. फायदा २ ते ४ मिमी लिफ्टमध्ये शोधायचा.

हेड उतरवणं

पेट्रोलचा कॉक बंद, प्लगची टोपी काढलेली, इंजिन थंड. कार्ब्युरेटर काढताना पॅकिंग, इन्सुलेटर, पॅकिंग हा क्रम आणि कोणती बाजू कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गव्हर्नरची बारीक स्प्रिंग कोणत्या भोकात होती तेही. इन्सुलेटर कार्बला हेडच्या उष्णतेपासून वाचवतो, त्याच्या जागी घरी बनवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा लावायचा मोह टाळा.

रॉकर कव्हर काढल्यावर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा. दोन्ही रॉकर मोकळे हलले पाहिजेत. चार बोल्ट एकदम न काढता आलटून-पालटून ढिले करा. पुशरॉडवर इनलेट-एक्झॉस्ट खूण करून ठेवा. व्हॉल्व्ह काढणं सोपं आहे. कंबशन चेंबरमध्ये कापडाची गुंडाळी दाबून हेड पालथं ठेवा, अंगठ्यांनी स्प्रिंगची वाटी दाबून बाजूला सरकवा, मोठ्या भोकातून ती निसटते. एक्झॉस्टच्या दांड्यावर एक छोटी टोपी, म्हणजे रोटेटर, असते. ती जमिनीवर पडून हरवते, आधी तीच काढून डबीत टाका.

इनलेट कोरताना

हत्यार म्हणजे डाय ग्राइंडर किंवा चांगला रोटरी टूल, ॲल्युमिनियमसाठीची मोठ्या दात्यांची कार्बाइड बर आणि ८० नंबरचा एमरी. दाते ॲल्युमिनियमने भरतात, म्हणून दर मिनिटाला मेणबत्तीवर फिरवा किंवा रॉकेलमध्ये बुडवा. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क हवाच, ती धूळ फुफ्फुसात जायला नको. सैल हातमोजे घालू नका, बर कापड ओढून घेते. सीट वाचवायला जुना व्हॉल्व्ह जागेवर बसवून काम करा. बर एकदा उसळून सीटवर आपटली की संपलं.

पहिली जागा, सीटखालची वाटी. लोखंडी सीटची रिंग जिथे संपते आणि ॲल्युमिनियम सुरू होतं तिथे बोट फिरवा. बहुतेक हेडमध्ये एक पायरी लागते. कधी रिंग आत आलेली असते, कधी ओतकामाचं ॲल्युमिनियम. ही पायरी गुळगुळीत मिळवून टाकणं हेच सगळ्या पोर्टिंगमधलं सर्वांत मोलाचं काम आहे, आणि त्याला जेमतेम चिमूटभर धातू काढावा लागतो. वाटीचा सर्वांत अरुंद व्यास व्हॉल्व्हच्या ८५ ते ८८ टक्के ठेवा, २५ च्या व्हॉल्व्हला २१ ते २२ मिमी. त्याहून मोठा केला की सीटला आधार राहत नाही आणि वळताना हवा सीटवरून सुटते.

दुसरी जागा, आतला छोटा वळसा. पोर्ट आडवं येतं आणि सिलिंडरकडे खाली वळतं, त्या वळणाची आतली बाजू. ओतकामात तिथे जवळजवळ काटकोनी धार असते. वेगात आलेली हवा त्या धारेवरून उडी मारते, आणि व्हॉल्व्हच्या त्या बाजूची अर्धी फट वाया जाते. धार मोडून तिथे गोलाई द्यायची, जशी तव्याच्या कडेला असते. पण गोलाई देताना पोर्टचा तळ खाली खोदू नका. तळ खाली गेला की वळण आणखी तीव्र होतं, मी पहिल्या हेडला केलेली दुसरी चूक हीच. एमरीची पट्टी बोटाने पुढे-मागे ओढून ही गोलाई येते, इथे मशीनपेक्षा हात बरा. दर दहा मिनिटांनी हेड बादल्यांच्या त्या मोजणी बेंचवर ठेवा आणि ३ मिमीचा आकडा बघा. वाढणं थांबलं की हात थांबवा.

तिसरी, गाईडभोवतीचा (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्याभोवतीचा) ॲल्युमिनियमचा फुगवटा. गाईड कापायचं नाही, गाईड आखूड झालं की व्हॉल्व्हचा दांडा डुलतो आणि सीट लवकर खराब होते. फक्त फुगवट्याच्या बाजू होडीच्या नाळेसारख्या निमुळत्या करा, म्हणजे हवा दोन्ही बाजूंनी वाहून मागे पुन्हा मिळते.

चौथी, पोर्टचं तोंड. कार्ब्युरेटर, इन्सुलेटर, हेड या तिघांची भोकं एका रेषेत येत नाहीत. पॅकिंग ठेवून मार्किंग ब्ल्यूने खूण करा. नियम सोपा आहे. हवा ज्या दिशेने वाहते त्या दिशेने पुढचं भोक किंचित मोठं असेल तर चालतं, पुढच्या भोकाची कड आत डोकावत असेल तर ती काढा. आत डोकावणारं पॅकिंगही ब्लेडने कापा.

शेवटचा हात ८० नंबर एमरीचाच. इनलेटला आरसा करू नका. किंचित खरखरीत भिंतीवरून पेट्रोलचे थेंब पुन्हा हवेत उचलले जातात, चकचकीत भिंतीवर ते ओघळतात. हवेला मात्र या दोन्हींत मोजण्याइतका फरक पडत नाही, बेंचवर मी हे वारंवार पाहिलंय.

एक्झॉस्ट

इथे काम कमी. कार्बन खरवडा, सीटखालची पायरी तशीच मिळवा, वळशाची धार मोडा. एक्झॉस्टला मात्र १२० वरून ४०० पर्यंत जाऊन गुळगुळीत केलं तर फायदा आहे, कार्बन लवकर धरत नाही. पोर्टचं तोंड सायलेन्सरच्या पाइपापेक्षा थोडं लहानच राहू द्या. ती पायरी उलट्या लाटेला अडवते.

सायलेन्सर काढून टाकायचा नाही, आणि जाळी असेल तर तीही नाही. उसाच्या पाचटाजवळ पंप चालतो, एक ठिणगी पुरते.

सीट आणि व्हॉल्व्ह

कंपनीच्या पद्धतीत सीट तीन कोनांत कापतात: वर ३२ अंश, मध्ये ४५, खाली ६०. व्हॉल्व्ह बसतो त्या ४५ च्या पट्टीची रुंदी नव्या इंजिनात ०.८ मिमी असते, वापरून ती रुंद होत जाते, २ मिमीला टाकाऊ. रुंद झालेली पट्टी पुन्हा ०.८ ते १ मिमीवर आणली, तर कमी लिफ्टची हवा चांगली वाढते. हातातले सीट कटर असतील तर घरी करा, नाहीतर हे एवढं काम रिबोरिंग-व्हॉल्व्ह ग्राइंडिंगवाल्याकडून करून घ्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी असा कारागीर असतोच. त्यालाच इनलेट व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला, ४५ च्या पट्टीमागे, ३० अंशांचा बारीक कट घ्यायला सांगा. तो कट आणि तीन कोनांची सीट एवढंच केलं आणि पोर्टला हातही लावला नाही, तरी चालेल. वेळ कमी असेल तर मी हेच करीन.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची पट्टी मात्र फार बारीक करू नका. तो व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधूनच हेडला देतो.

मग बारीक पेस्टने लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं. मार्किंग ब्ल्यू लावून व्हॉल्व्ह फिरवला की सलग रिंग उमटली पाहिजे. पेस्टचा कण न कण धुऊन काढा. व्हॉल्व्ह, स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओता आणि दहा मिनिटं थांबा. चेंबरच्या बाजूला ओल दिसली तर पुन्हा लॅपिंग. कंबशन चेंबरमधल्या धारदार कडा हलक्या हाताने मोडा, बाकी तिथे काही कोरू नका.

जोडणी

हेड गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने ब्रशने घासून धुवा, हवा मारा, पुन्हा धुवा. ॲल्युमिनियमचा एक कण पिस्टनवर ओरखडा पाडायला पुरेसा असतो. नवं हेड पॅकिंगच वापरा. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत २४ न्यूटन-मीटरपर्यंत, टॉर्क पान्यानेच. पुशरॉड लिफ्टरच्या खळग्यात नीट बसला का ते बोटाने चाचपून बघा. टॅपेट ०.१५ आणि ०.२०, मग क्रँक दोन फेरे फिरवून पुन्हा तपासा.

गव्हर्नर काढू नका. वेग ३६०० वरून ५४०० केला की फ्लायव्हीलला फाडू पाहणारं बल सव्वादोन पट होतं. मूळ ओतीव फ्लायव्हील आणि ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड त्यासाठी बनवलेले नाहीत. फुटलेलं फ्लायव्हील पत्र्याचं कव्हर फाडून बाहेर येतं आणि पंपाजवळ माणूस उभा असतो.

फिल्टर, पेट्रोल आणि चोकची परीक्षा

पोर्टिंग केलं की मिश्रण आपोआप पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. हेडमधून जास्त हवा गेली की ती व्हेंचुरीतूनही जास्त वेगाने जाते आणि जेटमधून पेट्रोलही जास्त ओढलं जातं, त्यामुळे प्रमाण फारसं बिघडत नाही. बिघडतं ते फिल्टर मोकळा केल्यावर. फिल्टरचा डबा थोडी ओढ धरतो, ती ओढ पेट्रोल खेचायला मदत करत असते. डबा काढला की मिश्रण लगेच पातळ होतं. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटच्या कार्ब्युरेटरला काहीच न करताही ८-९ टक्के पेट्रोल कमी पडतंय.

फिल्टर काढून नुसता कर्णा लावणं शेतात किंवा मातीच्या ट्रॅकवर करू नका. धुळीने रिंगा काही तासांत झिजतात. डबा तसाच ठेवून आत शिरणाऱ्या भोकाच्या कडा गोल करा, फोम धुऊन, हलकं तेल लावून, पिळून बसवा.

मिश्रणाची परीक्षा अशी. इंजिन पूर्ण गरम, पूर्ण लोड, थ्रॉटल पूर्ण उघडा. चोक हळूच थोडासा ओढा. आरपीएम वाढला तर मिश्रण पातळ आहे, मेन जेट एक पायरी मोठा लावा. लगेच मंदावला तर जेट बरोबर किंवा किंचित मोठा. मग लोडवरच इंजिन बंद करून प्लग बघा. पोर्सलिन पांढरंफटक असेल तर जेट वाढवा, काळं काजळ असेल तर कमी करा, फिकट तपकिरी हवं. जेटचं भोक टाचणीने किंवा तारेने मोठं करू नका, नवा जेट फार महाग नसतो.

बेंचवर कार्ब्युरेटरच अडथळा ठरला असेल तर त्याच मालिकेतल्या १९६ सीसी इंजिनाचा कार्ब्युरेटर बघा. स्टडचं अंतर, घशाचा व्यास आणि लिंकेजची जागा मोजून जुळत असेल तरच घ्या, आणि जेटची परीक्षा पहिल्यापासून करा.

फरक पडला का?

पंपाला २०० लिटरचं पिंप भरायला लागणारा वेळ आणि त्या वेळचा आरपीएम, दोन्ही काम करण्याआधी आणि नंतर लिहा. नुसता वेळ पुरत नाही, कारण गव्हर्नरने आरपीएम आधीच धरला असेल तर पिंप तेवढ्याच वेळात भरेल. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा डिजिटल टॅकोमीटर त्यासाठी पुरतो. तीन-तीन वेळा मोजा आणि दोन्ही चाचण्या दिवसाच्या एकाच वेळी करा. १५ अंशांच्या सकाळपेक्षा ४० अंशांच्या दुपारी हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी कमी असते. जानेवारीत पोर्टिंग केलेलं हेड मे महिन्याच्या आकड्यांशी ताडून बघाल तर फरक हवामानाचा असेल, तुमच्या हाताचा नाही.

पहिले पाच तास चालल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि टॅपेट पुन्हा मोजा. नवी सीट बसताना अंतर कमी होतं, आणि एक्झॉस्टचं अंतर संपलं तर व्हॉल्व्ह जळतो. तेव्हाच तेल बदला आणि काढलेलं तेल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात धरा. चमचमणारे कण दिसले तर हेड धुण्यात कसर राहिली आहे. मग नवं घातलेलं तेलही आणखी दोन तासांनी परत बदला.